सत्यभामाबाईंचा पूर्ण पत्ता

अमरावतीत, राजापेठेत एका कोचिंग क्लासच्या जिन्याखाली माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि डोक्यावरून दर तासाला धडधडत उतरणारी शंभर पोरं. परदेशी जाणाऱ्यांचे मराठी दाखले मी इंग्रजीत करून देते, त्यांची प्रतिज्ञापत्रं लिहून देते. बावीस वर्षं झाली. माझ्या हातून गेलेली माणसं आज मेलबर्नला आहेत, टोरांटोला आहेत आणि मी अजून जिन्याखालीच आहे. लोक मला तोंडावर गीतांजली मॅडम म्हणतात, पाठीमागे तिखट बाई म्हणतात. मला दोन्ही चालतं.

सत्यभामाबाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या ते कोरोनाची दुसरी लाट ओसरली त्या वर्षी. अंजनगाव सुर्जीहून एसटीनं आल्या होत्या. तोंडाला पदर गुंडाळलेला, हातात ओल्या फडक्यात बांधलेली निशिगंधाची जुडी. गावाबाहेर त्यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, निशिगंध स्वतः लावायच्या, पहाटे तोडायच्या आणि बाजारात हार करून विकायच्या. नवरा भगवंत दोन वर्षांपूर्वी छातीत दुखून गेलेला. एकुलता मुलगा नितेश कॅनडात. तिथं एका कारखान्यात मशिनींची देखभाल करायचा. कायमचा रहिवास मिळालेला, बायको वर्षाली आणि एक लहान मुलगी. आता त्याला सत्यभामाबाईंना कायमचं तिकडे न्यायचं होतं. आईवडिलांना बोलावण्यासाठी तिथं नावांची सोडत निघते आणि त्या सोडतीत नितेशचं नाव निघालं होतं.

"तिकडं झेंडू लागते का, मॅडम?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न.

"सहा महिने बर्फ असतो," मी म्हटलं.

"अन् मंग राह्यलेले सहा महिने?"

मला बाई आवडल्या. जाण्याची त्यांना एवढी हौस होती की कागद निघायच्या आधीच त्यांनी स्वेटर विणायला टाकला होता. झेंडूचं बी निवडून एका कापडात बांधून ठेवलं होतं.

कागद पाहताना एक गोष्ट मला खटकली. नितेशच्या दहावीच्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव होतं इंदू. पासपोर्टवरही इंदू. आणि समोर बसलेल्या बाईच्या आधार कार्डावर सत्यभामा. माझ्याकडे असलं रोज येतं. आपल्याकडे प्रत्येक बाईला दोन नावं, एक माहेरचं आणि एक सासरचं. त्यावर उपाय ठरलेला: अमुक उर्फ तमुक, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र.

"इंदू माहेरचं नाव का हो?" मी विचारलं.

त्यांनी पंख्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"इंदूचं नाव पयलं लिहा," एवढंच म्हणाल्या.

मी लिहिलं, इंदू उर्फ सत्यभामा. सही करताना त्यांनी दोनदा थांबून दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, एसटीची घाई असेल. आज मला स्वतःचाच राग येतो. दुसऱ्याच्या कागदातली एक मात्रा चुकली तर मी माणसाला उभं-आडवं घेते आणि इथं अख्खी एक बाई चुकली ती मला दिसली नाही.

दोन वर्षं फाइल तिकडे पडून राहिली. मग एका सप्टेंबरात सकाळी सकाळी नितेशचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, ते विचारून राहिले, तुले दोन माय कशा?"

पत्र त्यानं मला पाठवलं. वाचता वाचता माझा चहा गार झाला. स्वतःच्या रहिवासाच्या वेळी नितेशनं आईच्या रकान्यात इंदूबाई, जन्म १९५०, मुक्काम अकोला असं लिहिलं होतं. आता आणायला निघाला होता ती आई सत्यभामा, जन्म १९६३, मुक्काम अंजनगाव. आणि मध्ये माझं प्रतिज्ञापत्र, की या दोघी एकच. पत्राचा सूर अगदी सभ्य होता, म्हणूनच जास्त भीती वाटली. साठ दिवसांत पुराव्यासह खुलासा करा. आई कोण ते डीएनए तपासणीनं सिद्ध करा. नाहीतर खोटी माहिती दिली असं धरून अर्ज तर जाईलच, पण तुमचा स्वतःचा रहिवासही पुन्हा तपासला जाईल.

"नितेश, ही इंदूबाई कोण?" मी विचारलं.

"माझी माय," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हंजे तसं नाई. तुमी मावशीलेच विचारा."

मावशी म्हणजे सत्यभामाबाई. स्वतःच्या आईला तो मावशी म्हणत होता.

मी बाईंना दोनदा फोन करून बोलावलं. आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच एसटी धरून अंजनगावला गेले. मळा गावाच्या कडेला. फाटकाशी कडुनिंब, पुढे पाण्याचा हौद, मागे दोन खोल्यांचं घर. बाई ओट्यावर झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या.

"चा घ्या पयले," त्या म्हणाल्या.

"चहा राहू द्या. इंदू कोण?"

"इंदू नितेशची माय."

"आणि तुम्ही?"

"मी मावशी."

"जन्म कोणी दिला त्याला?"

त्यांची सुई थांबली. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग घराच्या मागच्या बाजूला पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "तुमी एवढ्या मोठ्यानं काहून बोलून राहिल्या?"

दुपारच्या उन्हात, रिकाम्या मळ्यात आम्ही दोघीच होतो. तरीही मी आवाज खाली आणला. का आणला, मला माहीत नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. नितेशच्या आधी त्यांना तीन लेकरं झाली. मोठी मुलगी पाच महिन्यांची होऊन गेली. दुसरा मुलगा चालायला लागला होता, उंबरा ओलांडायला शिकला आणि त्याच आठवड्यात तापानं गेला. तिसरा सात दिवसांचा. त्याचं तर नावही ठेवलं नव्हतं. सासूबाईंचं, सुभद्राबाईंचं ठाम मत झालं की मरणाचं या सुनेशी वैर आहे. तिचं म्हटलेलं लेकरू ते ठेवत नाही. पोराच्या बापावर कोणाचा राग नव्हता. सगळं वैर बाईशीच. हे ऐकताना माझं डोकं तापलं. मेलेल्या लेकरांचं खापर फोडायलाही आपल्या लोकांना बाईच सापडते.

चौथ्या वेळी सासूनं जुना रिवाज काढला. मूल झालं की आईनं त्याला छातीशी घ्यायच्या आधीच सुपात ठेवायचं आणि जिची सगळी लेकरं जगली आहेत अशा बाईच्या ओटीत घालायचं. मग ते तिचं. इंदूबाई सत्यभामाबाईंच्या मळ्यात कामाला यायच्या, नाल्यापलीकडे बुद्धविहाराजवळ राहायच्या, पाच लेकरं, पाचही धडधाकट. इंदूबाईंचे यजमान देवमन शाळेत शिपाई होते. ते भडकले होते म्हणे. असलं थोतांड आपण केव्हाच सोडलं, तू काहून त्यात पडते, असं बायकोला म्हणाले. इंदूबाई म्हणाल्या, "तुमी एकदा सत्याच्या डोळ्याईत पाहून या, मंग बोला."

इंदूबाईंनी पदर पसरला. मूल घेतलं, फाटकाबाहेर पडल्या, नाला ओलांडून स्वतःच्या घरी गेल्या. संध्याकाळी परत आल्या आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सत्या, माह्या पोराले जरा पाज वं. अन् सांभाळजो."

"तेव्हापासून सांभाळून राहिले," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं आहे म्हनून सांभाळलं. म्हनून तं राह्यलं."

पोराला बोलता आलं तसं त्याला शिकवलं, ती नाल्यापलीकडची माय आणि ही मावशी. दहावीचा फॉर्म आला, त्यात आईचं नाव विचारलं होतं. बाईंनी स्वतः समोर बसून त्याच्याकडून इंदू लिहून घेतलं. पासपोर्टलाही तेच. छत्तीस वर्षांत कोणत्याही कागदावर, रेशन कार्डावरसुद्धा, नितेशची आई म्हणून सत्यभामा हे नाव एकटं कुठे येऊ दिलं नाही.

"आणि माझ्यासमोर मान हलवलीत ती?"

"मान हालवली. लिहिलं तं तुमी. अन् इंदूचं नाव पयलं होतं ना? तिच्या आडोशाले उभी होती मी."

माझी मुलगी पुण्याहून रविवारी फोन करते आणि पाच मिनिटांत पन्नास वेळा आई आई करते. मला कधीकधी कटकट वाटते. त्या ओट्यावर बसून मला ते आठवलं. पण साठातले आठ दिवस गेले होते. मी माझा नेहमीचा आवाज काढला.

"बाई, तुम्ही आई आहात असं लिहून दिलं नाही, तर त्याला तिथून घालवतील. नोकरी जाईल, घर जाईल. तिथं जन्मलेली ती पोरगी, तिची शाळा जाईल."

"वापस येईल ना?"

"येईल. तोंड काळं करून येईल."

"पन जिता येईल ना?" त्यांनी मला विचारलं. "मंग येऊ द्या."

मी चिडून म्हटलं की असलं काही नसतं, तुमची लेकरं ताप आणि हगवणीनं गेली, वेळेवर सलाइन मिळालं असतं तर तिन्ही जगली असती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ओवलेला हार हौदाच्या पाण्यात बुडवून काढला आणि म्हणाल्या, "तुमचं खरं असंन. पन तुमचं खोटं निघालं, तं भरून कोन देईल?"

नितेशला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशीले जबरदस्ती करू नका. मी लिहून देतो का इंदूमायच माझी माय. अर्ज वापस घेतो."

मला अजूनच राग आला. मी त्याला झाडलं की ती तपासणी मागणारच, आणि तेव्हा तुझीच थुंकी तुला खोटं पाडेल. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला की घरी पोरीनं विचारलं, बाबा, आपण वाईट माणसं आहोत का? हे मात्र मी अंजनगावला जसंच्या तसं कळवलं. दुष्टपणा होता तो. मला माहीत होतं की त्या पोरीच्या शब्दाला बाई नाही म्हणणार नाहीत.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "अकोल्याले जाऊ. पयले इंदूले विचारा लागते."

देवमन गेल्यापासून इंदूबाई अकोल्यात धाकट्या मुलाकडे, पिंटूकडे राहत होत्या. पिंटू वीज कंपनीत नोकरीला. अकोटवरून जाताना रस्त्यानं आमची हाडं खिळखिळी केली. बाई सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत होत्या. इंदूबाई पलंगावर बसूनच होत्या. गुडघे गेलेले, डोळे मात्र लख्ख. सत्यभामाबाई त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसल्या.

"मागाले आली का?" इंदूबाईंनी विचारलं.

"मी नाई मांगत. कागद मांगून राहिला."

मी जबाब वाचून दाखवला: नितेश हा माझ्या पोटचा मुलगा नाही. इंदूबाईंनी तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "म्हातारपनी लिहायला शिकली मी. अन् लिहू काय लागली पाहा." एकेक अक्षर जोडत त्यांनी सही केली. पेन खाली ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. "छत्तीस वर्सं माहा होता. आता तुहा तू पाहा, सत्या."

हे त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. पण ‘तुहा’ हा शब्द ऐकताच सत्यभामाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. परतीच्या बसमध्ये त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं ते अंजनगाव येईपर्यंत सोडलं नाही.

सही झाली माझ्या ऑफिसात, नोव्हेंबरात. वरून पोरं धडधडत उतरत होती. मी मजकूर वाचला: मी, सत्यभामा भगवंत, शपथेवर सांगते की नितेश हा माझा पोटचा मुलगा आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"पत्ता कोनाचा लिहिला?" त्यांनी विचारलं.

"तुमचा. अंजनगाव सुर्जी, जिल्हा अमरावती."

"पुरा लिहा. रस्ता लिहा. नाला लिहा. फाटकापाशी कडूनिंब आहे, ते लिहा. कोनी पाहत आलं तं चुकलं नाई पायजे."

मी हसले. शपथपत्रात कडुनिंब कोण लिहितं? पण दिवस थोडे उरले होते, बाई सहीला तयार झाली होती, म्हणून मी लिहिलं. नाल्याजवळ, कडुनिंबासमोर.

"अन् त्याचा पत्ता?"

"या कागदावर नाही."

"कुठंच नाई ना?"

"नाही."

मग त्यांनी सही केली. या वेळी दाराकडे पाहिलं नाही. मला वाटलं, समजावून सांगितल्याचा उपयोग झाला. आपण फार समजूतदार आहोत असं मला तेव्हा वाटलं होतं हे सांगायलाच हवं.

तपासणीसाठी मुदत वाढवून मिळाली आणि जानेवारीत पिंटू त्यांना मुंबईला घेऊन गेला. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेतला. नितेशनं त्याच आठवड्यात तिकडे दिला. नमुन्याबरोबर एक फॉर्म होता. त्यात दोघांची नावं शेजारी शेजारी, आई आणि मुलगा, आणि खाली दोघांचेही पत्ते. तो फॉर्म मी भरला होता.

चौथ्या दिवशी वर्षालीचा मला फोन आला. नितेशची गाडी बर्फावरून घसरून रस्त्याच्या खाली गेली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं, तीन तास तो गाडीत अडकून होता. गाडीची उजवी बाजू चेपली. त्याच बाजूला मागे त्यांची मुलगी रोज बसते. त्या दिवशी तिला ताप होता म्हणून ती शाळेत गेली नव्हती. बर्फात गाड्या घसरतातच, दर थंडीत घसरतात, असं मी तिला सांगितलं. मावशींना कळवू नका असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन. "त्याचा फोन नाई आला. रोज येते. कुठं लागलं त्याले?"

मी थोडक्यात सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तिकडचा पत्ता त्याले कोनी देल्ला?"

"कोणाला?" मी विचारलं, पण मला कळलं होतं. मरणाला.

"कागदावर माहाच पत्ता होता ना, मॅडम?"

मी म्हटलं, "हो बाई. तुमचाच. दुसरा कुठेच नाही."

मी खोटं बोलले. आयुष्यभर मी लोकांच्या खऱ्याखोट्याला शिक्के मारत आले, पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी फॉर्मची प्रत काढून नितेशच्या पत्त्याची ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले. मी देवाधर्माची बाई नाही. तरी त्या दिवसापासून सकाळी उठल्यावर मी आधी कॅनडाचं हवामान बघायला लागले. अजूनही बघते.

पुढचं सगळं सुरळीत झालं. तपासणीत आई-मुलगा जुळले, इंदूबाईंचा जबाब मान्य झाला. नितेशच्या रहिवासाला धक्का नाही असं पत्र उन्हाळ्यात आलं. माझ्या ऑफिसात मी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षीच्या सुरुवातीला बाईंचीही मंजुरी आली. कॅनडाचा कायमचा रहिवास, सत्यभामा भगवंत, मुक्काम अंजनगाव. वर्षाच्या आत जाऊन तिथं एकदा उतरायचं, एवढंच बाकी.

मी फोन केला तर म्हणाल्या, "पाहू." मार्चमध्ये विचारलं, झेंडूचा बहर आहे म्हणाल्या. जूनमध्ये पेरणी. दिवाळीला कळलं की बाजारात त्यांची जागा रिकामी असते. शेजारीण फुलं घेऊन जाते, त्या मळा सोडून हलतच नाहीत. दळण आणायलाही जात नाहीत. मला वाटलं आजारी असतील. नितेशला वाटलं एकटीनं विमानात बसायची भीती वाटते. म्हणून मुदत संपायला बारा दिवस राहिले तेव्हा तो स्वतः न्यायला आला. सोबत तिकीट, बाईंसाठी एक जाड कोट आणि मुलीनं काढलेलं चित्र. मला म्हणाला, तुमी चाला, तुमचं ती ऐकते.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही पोचलो. फाटक सताड उघडं. घराचं दार उघडं, मागचंही उघडं. ओट्यावर बाई रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या. समोर एक पाट मांडलेला, त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या. नितेशला पाहून त्या उठल्या. क्षणभर चेहरा असा फुलला की मला वाटलं सगळं मिटलं. आणि मग त्या जोरात ओरडल्या.

"आत नको येऊ! फाटकाच्या बाहेर हो. बाहेर!"

नितेश एक पाय आत टाकून तसाच थांबला. अकरा वर्षांनी घरी आलेला चाळिशीचा माणूस, खांदा अजून थोडा वाकडा.

"मावशी, मी हावो. नितेश."

"ओळखलं मी. जेवला का? वाळून गेला रे." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र त्याला लांब ढकलत होता. "इथं थांबू नको, बाप्पा. या पत्त्यावर नको थांबू. मॅडमच्या इथं राह्य. अकोल्याले तुह्या मायकडं जा."

तेव्हा मला ते सगळं कळलं. नाला, कडुनिंब, पूर्ण पत्ता. त्यांनी सही केली होती ती त्याला आपलं म्हणण्यासाठी नव्हे. जे मरण कागद वाचून त्यांच्या मुलाला शोधत येणार होतं, त्यानं सरळ इथं यावं, दारं उघडी असावीत आणि घरात दुसरं कोणी नसावं, एवढ्यासाठी. एकदा ते चुकून तिकडे गेलं होतं. पुन्हा चुकू नये म्हणून त्या हलत नव्हत्या.

"बाई, मुदत संपून राहिली," मी म्हटलं. माझ्याही तोंडी वऱ्हाडी आली. "असं काही येत नसतं हो. चला त्याच्यासोबत."

"मी तिकडं गेली अन् ते इथं आलं, तं घर खाली दिसंन. मंग ते कुठं जाईल?"

मला फक्त तो नमुन्याबरोबरचा फॉर्म दिसत होता, त्याच्या पत्त्याची ओळ माझ्या अक्षरातली.

नितेशनं फाटकाचा खांब धरला. "तू कागदावर लिहून देल्लं ना, का मी तुहा आहो? मंग एकडाव मले म्हनू दे." आणि तो म्हणाला, "आई."

जन्मात पहिल्यांदा. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या त्याच्या मागे, रस्त्याच्या वळणाकडे बघत होत्या, कोणी ऐकलं का म्हणून. मग सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोनाची आई? मी मावशी आहो. लोकाचं पोरगं सांभाळलं मी."

आत जाऊन त्यांनी झेंडूच्या बियांची पुरचुंडी आणली. स्वतः फाटकापर्यंत आल्या नाहीत, माझ्या हाती दिली. मी ती नितेशच्या हातातल्या त्या जाड कोटाच्या खिशात घातली. तो वळला आणि रस्त्याला लागला. पोराच्या पाठीकडे त्या कशा बघत होत्या ते मी लिहू शकत नाही.

मीही निघाले. बाहेर पडता पडता सवयीनं फाटक ओढून कडी लावली.

"मॅडम," त्या ओट्यावरून म्हणाल्या, "उघडं राहू द्या. घरी आहो मी, हे दिसलं पायजे."

मी कडी काढली.